नुसती सर्दीच तर आहे!

भाचीच्या बारशाला मी सर्दी घेऊन गेले होते. नाक गळत होतं, घसा खवखवत होता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नुसती सर्दीच तर आहे. आत्याशिवाय बारसं होतं का?" म्हणून गेले. पाळण्यात वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' केलं, नाव सांगितलं. बायकांनी पाठीत धपाटे घातले, सगळे हसले.

पाचव्या दिवशी बाळ दूध ओढेना. सातव्या दिवशी ते लहान मुलांच्या आयसीयूत होतं. वय 44 दिवस. तपासणीत आरएसव्ही हा विषाणू निघाला. तो माझ्याकडूनच गेला हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण संशयाचा फायदा मला नको आहे.

मला भांडायचंय ते आईच्या त्या वाक्याशी. कारण ते फक्त आईचं नाही.

दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल या विषाणूच्या तावडीत एकदा तरी सापडतं. बहुतेकांचं सर्दी-खोकल्यावर भागतं. मोठ्यांचं तर बहुधा तेवढ्यावरच. पण तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनळ्या मुळातच अरुंद असतात. सूज आली, चिकट कफ साचला की त्या बुजतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो. बाळ श्वास घेऊन घेऊनच दमतं. दूध ओढायला ताकद कुठून आणणार?

2019 या वर्षाचा अभ्यासकांचा अंदाज असा : जगभरात पाच वर्षांखालच्या मुलांना आरएसव्हीमुळे सुमारे 36 लाख वेळा रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि एक लाखाहून जास्त मुलं दगावली. त्यातले 97 टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. विषाणू तोच, बाळंही तशीच. मग फरक कशाने पडतो?

वेळेने आणि ऑक्सिजनने. या आजारावर रामबाण औषध नाही. ऑक्सिजन द्यायचा, नाक मोकळं ठेवायचं, नळीने दूध किंवा सलाईन द्यायचं, फारच दमलं तर व्हेंटिलेटर. विषाणू ओसरेपर्यंत बाळाला तगवायचं, एवढंच. पण आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी 'व्हायरल आहे' म्हणत अँटिबायोटिक लिहून दिलं. व्हायरल असेल तर अँटिबायोटिक कशाला? बाळाचं झबलं वर करून श्वास मात्र कुणी मोजले नाहीत. मग दोन रुग्णालयांत तान्ह्या बाळासाठी खाट नव्हती. तिसरं मिळालं ते तीन तासांवर. तिथलं बिल भागवायला वहिनीच्या पाटल्या गेल्या.

"आमच्या वेळी मुलं अशीच वाढली," असं सांगणारे भेटतात. जी वाढली नाहीत, ती सांगायला येत नाहीत.

आणि हे खेड्यात जमणार नाही, असंही सांगू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या माणसांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मण्यांचं श्वास मोजायचं साधन केलं. न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. हा अभ्यास 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तिथे औषध जंतूंवरचं होतं, विषाणूवर ते चालणार नाही. पण धाप ओळखणं ही पहिली पायरी दोन्हीकडे तीच. ती गडचिरोलीतल्या गावांनी गाठली आणि आम्ही पदवीधर चुकलो.

सरकारचंही तेच वाक्य आहे, फक्त ते उच्चारत नाही. न्यूमोकोकल जंतूवरची लस 2021 पासून देशभर मोफत मिळते, हे चांगलंच झालं. आरएसव्हीवरही आता गरोदर आईला द्यायची लस आहे, बाळाला द्यायचं प्रतिपिंडांचं इंजेक्शन आहे. सगळ्या देशांनी यातलं काहीतरी सुरू करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये सांगितलं. आपल्या राष्ट्रीय लसीकरणाच्या तक्त्यात मात्र यातलं काही नाही. त्याची किंमत, त्याचं वेळापत्रक, जिल्ह्याजिल्ह्यात लहान मुलांच्या आयसीयूच्या खाटा, हे निवडणुकीत कुणी विचारतं का? आपण विचारायला हवं.

तोवर हातातला फोन घ्या, स्टॉपवॉच लावा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत 40 किंवा जास्त श्वास भरले, तर लगेच डॉक्टरकडे न्या. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ कण्हत असेल, दूध सोडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर मोजत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

आणि सर्दी झाली असेल तर बाळ बघायला जाऊ नका. वाईट वाटेल, लोक नावं ठेवतील, ठेवू देत. माझी भाची दहा दिवसांनी घरी आली. आता ती चालते, माझ्या मागे धावते. दर वेळी धावून थांबली की मी तिच्या छातीकडे बघते.

आत्याने फोनवरून नाव सांगितलं तरी बारसं होतं.