शिसे आणि सीसे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बेळगावच्या जुन्या घरातला अंगणातला नळ गळू लागला. प्लंबरने खणून पाहिले, तर रस्त्यापासून आलेला पाईप करडा आणि मऊ! सुरीने खरवडला तर चांदीसारखा चकाकला, लोहचुंबकही चिकटेना. मी म्हणाले, “अहो, हे तर शिसे!” तो इकडेतिकडे बघत विचारतो, “सीसे एल्लि, अक्का?” कन्नडमध्ये सीसे म्हणजे बाटली, आणि आपल्या शिशाला ते म्हणतात सीस. दोघेही हसलो.

त्याचा बेत सोपा होता. फुटका भाग कापायचा आणि प्लास्टिकचा तुकडा जोडायचा. एका बाजूने शिसे आणि दुसऱ्या बाजूने प्लास्टिक पकडणारे सांधे मिळतात; त्याने गळती नक्की थांबते. पण पाण्यात उतरणारे शिसे थांबत नाही. जुन्या पाईपला आतून क्षारांचा थर बसलेला असतो, तोच काय तो आडोसा. कापाकापीत तो थर सुटून शिशाचे कण पाण्यात येतात. शिशाला तांबे किंवा पितळ जोडले तर गंज आणखी वाढू शकतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला, गंजरोधक रसायन घातले नाही, आणि हाच थर विरघळून शिसे घराघरांत पोहोचले.

सासूबाई म्हणाल्या, “याच पाण्यावर मी चार मुलं वाढवली. उकळून घेऊ की!” पण उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि पाण्याला चव-वासही येत नाही. आणि धाकट्या जावेच्या आठ महिन्यांच्या बाळाची पेज याच पाण्यात शिजत होती.

मग सांधा न घालता रस्त्यापर्यंतचा सगळाच पाईप बदलायचे ठरवले. परवानगीला आठ दिवस लागले. तोवर पाणी शेजारून आणले. नवा पाईप घेताना तो शिसेविरहित आहे ना, हे विचारून घेतले. पीव्हीसी पाईपमधले शिसे काढण्याचे नियम आपल्याकडे २०२१ साली आले. दुकानातला माल त्याआधीचाही असू शकतो.

तुमचे घर जुने असेल तर नळाच्या मागचा पाईप एकदा खरवडून बघाच. शिसे निघाले, तर बदलेपर्यंत सकाळचे पहिले पाणी काही मिनिटे वाहू द्या. ते झाडांना नको, धुण्याला वापरा.

सासूबाई परवा बाळाला भरवताना हळूच म्हणाल्या, “त्या वेळी कुणी सांगितलंच नाही गं.”