फाटलेला सदरा आणि सीआयडीची थप्पड



घरात टीव्ही असावा की नसावा, हा वाद आता जुना झाला. ज्या घरात टीव्ही नाही त्या घरात मोबाईल आहे, आणि टीव्हीवरचे सगळे त्या मोबाईलवर येतेच. प्रश्न एवढाच उरतो की काय पाहायचे आणि पाहून झाल्यावर मुलांशी काय बोलायचे. या महिन्यात ‘सीआयडी’ या मालिकेविषयी लिहिते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि ज्या पिढीने ती लहानपणी पाहिली ती पिढी आता आपल्या लेकरांना शेजारी घेऊन पाहते आहे.

मालिका जुनी आहे. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि २०१८ पर्यंत दीड हजारांहून अधिक भाग झाले. तिचे निर्माते बी. पी. सिंग यांनी त्याआधी दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली होती. तीत शिवाजी साटम होते आणि पुढे एसीपी प्रद्युम्न म्हणून तेच घराघरांत पोहोचले. दौंडला माझ्या माहेरी अब्बा टीव्हीच्या बाबतीत फार कडक होते. नाचगाणे लागले की बटण बंद. पण या मालिकेला त्यांची मुभा होती. शिवीगाळ नाही, प्रेमाचे चाळे नाहीत, खुनी शेवटी पकडला जातो आणि खून हा खूनच म्हणून दाखवला जातो. आजच्या काही वेब मालिकांत खुनी माणूसच नायक असतो, रक्त जवळून आणि सावकाश दाखवतात. त्यांच्या तुलनेत ‘सीआयडी’ सभ्यच म्हणायची. डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेमुळे कित्येक मुलांना विज्ञानाची गोडी लागली, हेही मी शिक्षिका म्हणून कबूल करते.

आपल्याकडे या मालिकांवर नेहमीचे आक्षेप घेतले जातात. बायकांचा पेहराव, पार्श्वसंगीत, रात्री दहाची वेळ आणि त्यापायी सकाळी चुकणारी फजरची नमाज. हे आक्षेप खरे आहेत, पण ते आपण जवळपास प्रत्येक मालिकेवर घेऊ शकतो. माझा आक्षेप वेगळा आहे आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. या मालिकेत प्रयोगशाळा असते, सूक्ष्मदर्शक असतो, डीएनए असतो. तरीही शेवटी गुन्हेगार बोलतो तो बहुतेक वेळा इन्स्पेक्टर दया यांच्या थप्पडीने. एक सणसणीत कानाखाली बसते आणि माणूस घडाघडा सगळे सांगू लागतो. घरातले सगळे हसतात. मुलांच्या मनात एक गोष्ट पक्की बसते, की मारले की खरे बाहेर येते.

हे पक्के बसलेले मी वर्गात पाहिले आहे. शिरूरला सातवीच्या वर्गात मधल्या सुट्टीत एका मुलीची दोनशे रुपयांची नोट हरवली. मी वर्गात पोहोचेपर्यंत मुलांचा ‘तपास’ उरकला होता. एक जण एसीपी झाला होता, एक दया. संशयित होता पारधी वस्तीवरून येणारा मुलगा. पुरावा काय, असे विचारले तर एक जण म्हणाला, “मॅडम, त्याच्या तोंडावरूनच कळतंय.” त्या मुलाच्या गालावर बोटे उमटली होती. आणि त्याने कबूलही केले होते की नोट मीच घेतली. मग नोट आहे कुठे, असे मी विचारले, तेव्हा त्याला काहीच सांगता येईना. कारण त्याने ती पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईचा निरोप आला की नोट घरीच राहिली होती. तो मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. वस्तीवर जाऊन मी त्याला परत आणले, मुलांनी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. पण वर्ष संपेपर्यंत तो शेवटच्या बाकावरून पुढे आला नाही.

मुलांच्या मनात त्याचेच नाव का आले असेल? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढे पारध्यांनाही त्यात गोवले गेले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण शिरूर-दौंडच्या गावांमधून चोरी झाली की पहिली नजर आजही कोणत्या वस्तीकडे वळते, ते आपण जाणतो. मुले ते घरातच शिकतात. मालिका त्या नजरेला फक्त एक खेळ देते.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये ईमानवाल्यांना तीन गोष्टींपासून एकाच आयतीत अडवले आहे: पुष्कळशा संशयापासून, दुसऱ्याच्या पाळतीवर राहण्यापासून आणि पाठीमागे निंदा करण्यापासून. हा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी मनात संशय येतो, मग माणूस डोकावू लागतो आणि शेवटी चारचौघांत बोलू लागतो. गुन्हेगारी मालिका पाहून घरात नेमकी हीच सवय लागते. अमक्याची सून रात्री कुणाशी बोलते, तमक्याकडे नवी गाडी कुठून आली, याचा ‘तपास’ ओट्यावर बसून होतो.

मग पुरावा शोधणे चुकीचे आहे का? मुळीच नाही. सूरह यूसुफ वाचा. हजरत यूसुफ (अ.) यांचे भाऊ सदऱ्याला खोटे रक्त लावून आणतात. मुफस्सिर सांगतात की सदरा कुठे फाटलेलाच नव्हता आणि हजरत याकूब (अ.) यांच्या ते लक्षात आले. लांडग्याने माणूस खाल्ला आणि सदरा शाबूत राहिला, हे कसे? त्यांना मुलांची लबाडी कळली, पण त्यांनी मारझोड केली नाही, सब्र केला. पुढे मिसरमध्ये यूसुफ (अ.) यांच्यावर आळ येतो, तेव्हा त्या बाईच्याच घरातला एक माणूस कसोटी सांगतो. सदरा पुढून फाटला असेल तर बाई खरी, मागून फाटला असेल तर यूसुफ खरे. मग सदरा पाहिला, तो मागून फाटलेला निघाला.

इथे एक बारीक गोष्ट आहे. त्या माणसाने आधी कसोटी सांगितली आणि मग सदऱ्यावर निकाल ठरला. कसोटी दोन्ही बाजूंना सारखीच लागू होती. फोरेन्सिक म्हणतात त्या शास्त्राचा प्राण हाच आहे. आधी माणूस ठरवायचा आणि मग त्याच्यावर बसेल असा पुरावा शोधायचा, हे शास्त्र नव्हे. आणि पुरावा इतका स्पष्ट असूनही यूसुफ (अ.) तुरुंगात गेलेच, हेही त्याच सूरहमध्ये आहे. म्हणजे नुसता पुरावा पुरत नाही, तो मानणारे लोकही प्रामाणिक लागतात.

खऱ्या जगात हे काम मालिकेसारखे झटपट होत नाही. डॉ. साळुंखे रंगीत द्रव ओततात आणि दोन मिनिटांत विषाचे नाव सांगतात. आपल्याकडे व्हिसेरा राखून ठेवला जातो, तो पुण्याला गणेशखिंडीतल्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाची वाट पाहावी लागते. घरचे लोक दफनासाठी ताटकळलेले असतात. मय्यताची विटंबना होऊ नये ही आपली भावना योग्यच आहे, पण मरणाचे कारण संशयास्पद असेल तर शवविच्छेदनाला अनेक उलेमांनी गरज म्हणून परवानगी दिली आहे. तिथे दवाखान्यात गोंधळ घालणे बरोबर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फोरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. हे खरोखर अमलात आले तर ते गरिबाच्या हिताचेच आहे.

शिरूरहून न्हावरामार्गे माहेरी जाताना पारगावला भीमा नदी लागते. जानेवारी २०२३ मध्ये याच नदीत एका कुटुंबातल्या सात जणांचे मृतदेह सापडले होते, त्यांत लहान मुलेही होती. सुरुवातीला सगळीकडे सामूहिक आत्महत्येचीच चर्चा होती. घराण्याची अब्रू गेली म्हणून असे केले, इथपर्यंत लोक बोलले. मग काही दिवसांतच पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवून त्यांच्या नात्यातल्याच लोकांना अटक केली. खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण त्या पहिल्या दिवसांत मेलेल्या माणसांच्या अब्रूविषयी जे बोलले गेले, ते परत कोण घेणार? मेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही.

आता पुन्हा त्या थप्पडीकडे येऊ. आपल्या सर्वसाधारण कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. कायदा करणाऱ्यांना माहीत होते की मार खाल्लेला माणूस काहीही कबूल करतो. मकोका कायद्यात मात्र एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. तिसाहून अधिक लोक मेले. नऊ मुसलमान तरुणांना अटक झाली, मकोका लागला, कबुलीजबाब घेतले गेले. ते जबरदस्तीने घेतल्याचे आरोपी सांगत राहिले. बहुतेकांना जामीन मिळायला २०११ उजाडले. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोपर्यंत नवांपैकी एक जण हे जग सोडून गेला होता. ज्यांची माणसे त्या कब्रस्तानाजवळ मेली, त्यांना तरी या कबुलीजबाबांतून काय मिळाले? निर्दोष माणूस पकडला की खरा गुन्हेगार आपोआप सुटतो. म्हणूनच आपल्या फिकहमध्ये नियम आहे की शंका असेल तिथे हदची शिक्षा टाळावी.

आणि तो दरवाजा! दया यांनी दार तोडले की मुले टाळ्या वाजवतात. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात सलाम करून, परवानगी घेऊनच जायला सांगितले आहे. हजरत उमर (रजि.) यांची एक प्रसिद्ध रिवायत आहे. त्यांनी भिंत चढून एका माणसाला दारू पिताना पकडले. तो म्हणाला, मी एक चूक केली, पण तुम्ही तीन केल्या: पाळत ठेवली, दाराने आला नाहीत, परवानगी घेतली नाही. खलिफांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले. सत्ता हातात असलेल्या माणसाचा खरा मोठेपणा इथे दिसतो.

मग मालिका पाहायची की नाही? लहान मुलांना एकटे बसवून नको, हे माझे स्पष्ट मत आहे. इशाची नमाज आणि मुलांची झोप हातची जाणार असेल तर मोठ्यांनीही नको. पाहायचीच असेल तर शेजारी बसा. थप्पड बसली की मुलाला विचारा, बाळा, याने काही केलेच नसते तर? मालिका संपल्यावर सूरह यूसुफचा तर्जुमा काढा आणि सदऱ्याची गोष्ट सांगा. आणि घरात एखादी वस्तू हरवली तर आधी सगळे मिळून शोधा. कामवाल्या बाईचे नाव तोंडातून निघण्याआधी कपाटामागे, गादीखाली पाहा. आईबाप संशय कसा आवरतात, ते मुले रोज पाहत असतात.

अल्लाह आपल्याला वाईट गुमानापासून वाचवो आणि ज्यांच्यावर खोटा आळ आहे त्यांची सुटका करो. आमीन.