पहाणी

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये फ्लॅट घ्यायचा ठरला तेव्हा वकिलांच्या कारकुनाने कागदांची यादी घडाघडा म्हणून दाखवली. मदर डीड, ईसी, खाता, मूळ जमिनीची पहाणी. बाकीचं डोक्यावरून गेलं, ‘पहाणी’ मात्र कानात अडकली. ही तर आपली पीकपाहणी!

आपल्याकडचा सातबारा म्हणजे इथली आरटीसी आणि लोकांच्या तोंडी तिचं नाव पहाणी. कागद उघडला तर ओळखीची मंडळी भेटत गेली. तेहतीस फूट बाय तेहतीस फुटांचा गुंठा तोच, हिस्सा नंबर तोच, चकबंदीची झालेली चक्कुबंदी. गायरानाला गोमाळ म्हणतात. मला तो शब्द आपल्यापेक्षा गोड वाटला. आपला पोटखराबाही होता, नुसता ‘खराब’ म्हणून. त्यातला ‘ए’ म्हणजे खडक वगैरे, पिकाला नालायक. ‘बी’ म्हणजे वाट, ओढा, सार्वजनिक वापराची जागा. मी ‘बी खाता’ आणि ‘बी खराब’ एकच समजत होतो. कारकून हसला. म्हणाला, ‘‘सर, बी खात्यात परवानगीचा घोळ असतो. बी खराबात जमीनच तुमची नसते.’’

लेआउटमधल्या जुन्या प्लॉटवाल्यांची गंमत आणखी वेगळी. विकास प्राधिकरणाने साइट द्यायची ती ‘लीज-कम-सेल’ करारावर. दहा वर्षं भाडेकरू, मग पक्कं खरेदीखत. घर बांधून, वास्तुशांत करून, पाटीवर नाव लावून माणूस कागदोपत्री भाडेकरूच.

पण मालक तरी कोण कधी होता? 1638 नंतर अख्खं बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. जहागीर म्हणजे महसूल घ्यायचा हक्क. मातीची मालकी नव्हे. त्या मानाने आपल्याकडचा मिरासदार खरा भक्कम. दुष्काळात परागंदा झाला तरी परत येऊन आपलं रान मागू शकायचा. उपऱ्याला ती सोय नव्हती, तो फक्त कसायचा.

आपण ज्यांना मालकीचे कागद म्हणून लॉकरमध्ये जपतो, ते बहुतेक वसुलीचे आहेत. खाता सांगतो घरपट्टी कोणी भरायची. सातबारा सांगतो सारा कोणाकडून घ्यायचा. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलंय. मालकी शोधायची ती खरेदीखतात, वाटणीपत्रात, वारसाहक्कात. तरी ई-खात्याच्या प्रिंटवर स्वतःचं नाव दिसलं तेव्हा मी त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाच.

त्याखाली तासगावहून काकांचा एकच निरोप आला : ‘‘अभिनंदन. इकडच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. वारसनोंदीला मे महिन्यात सगळ्यांनी यायचं आहे, आधार कार्ड घेऊन.’’

तिकीट काढलंय.