तरंगणारी वीट ‘हस्तकला’ कशी?



परवा आपल्या तेरमधल्या विज्ञान प्रदर्शनात एका कुंभाराच्या पोराची वीट विज्ञानाच्या टेबलावरून उचलून हस्तकलेत, कागदी फुलांशेजारी नेऊन ठेवली. मी तिथंच उभा होतो. पोरानं आजोबांजवळ बसून मातीत भाताचं तूस मळलं होतं. पहिली वीट आव्यात तडकली, दुसरी बुडाली. मग तुसाचं माप बदलून तिसरी पाडली, ती बादलीत तरंगली. तिन्ही मापं वहीत होती. वही कुणी उघडली नाही. बाजारातून विकत आणलेला ज्वालामुखी मात्र ‘विज्ञान’ ठरला!

हाताला माती लागली की ज्ञानाचं नुसतं ‘कसब’ होतं, ही आपली जुनी खोड. ती जातीतून आली आहे, हे उघड बोलू या. आपल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, हे आपण पाहुण्यांना ‘चमत्कार’ म्हणून दाखवतो. कसला चमत्कार? तूस आव्यात जळतं, त्याच्या जागी पोकळ्या राहतात, वीट पाण्याहून हलकी होते. तूस किती, धग किती, हे कुणीतरी विटांमागून विटा वाया घालवून शोधलं असणार.

कुणी म्हणेल, ‘पण त्या विटा पाडणाऱ्यांना कारण कुठं ठाऊक होतं?’ वॅटनं वाफेच्या सुधारित इंजिनाचं पेटंट घेतलं १७६९ साली; उष्णतेतून काम कसं निघतं, हे कार्नोनं मांडलं १८२४ साली. मधली ५५ वर्षं ते इंजिन काय हस्तकलेच्या टेबलावर होतं?

‘मग उद्या पुष्पक विमानही विज्ञान म्हणाल!’ नाही म्हणणार. विमान उडवून दाखवा. आमची वीट बादलीत टाकून दाखवली आहे. कच्चं-पक्कं मडकं थापटण्यानं पारखण्याची गोष्ट संत गोरोबाकाका कुंभारांच्या या गावात लेकरालाही पाठ आहे; पारख म्हणजे काय, हे परीक्षकांनाच समजावून सांगावं लागावं?

हाताचं ज्ञान घ्यायचं आणि त्या हाताचं नाव विसरायचं, हे आधीही झालं आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या माणसाला पुण्याकडे कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’नं ते चित्रासह छापलं. १८१४ मध्ये कार्प्यू या डॉक्टरनं लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली, तिचं नाव झालं. पुण्याकडचा शस्त्रक्रिया करणारा विटा पाडणाऱ्या जातीचा होता, एवढं त्या मासिकात आहे. रोग्याचं नाव छापलं, बघायला उभ्या असलेल्या इंग्रज डॉक्टरांची नावं छापली. ज्यानं नाक बसवलं, त्याचं नाव नाही.

आपल्या पोराच्या बाबतीत हे चालू देणार नाही. प्रदर्शन पुन्हा भरवा. वीट विज्ञानाच्या टेबलावर परत ठेवा, शेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेवा, आणि परीक्षकांनी आधी ती वही वाचावी.