आजार कोणापासून लपवायचा?

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात हे दृश्य नेहमीचेच. वडील बाकावर बसलेले, मुलगा फाईल छातीशी धरून उभा. 'साधी गाठ आहे' हे वाक्य घरूनच ठरवून आणलेले. १९४१ पासून हे रुग्णालय कोणत्या व्याधीसाठी ओळखले जाते, हे वडिलांना ठाऊक नसेल काय? फसत असतात ते घरचेच.

या लपवाछपवीमागे माया असते, हे मान्य. परंतु तिची किंमत रुग्ण मोजतो. केस का गळतात, अन्नाची वासना का उरली नाही, हे विचारण्याचीही त्याला चोरी. बँकेतील ठेव, शेताची वाटणी, मुलीचे लग्न, कोणाशी तरी धरलेला जुना अबोला यांविषयी त्याला काही सांगायचे असते; ते राहूनच जाते. स्नेह्यांची तऱ्हा निराळी. कोणी भेटच टाळतो, तर कोणी अमक्या गावच्या वैद्याचा पत्ता घेऊन हजर!

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परगावचे कर्करुग्ण नातलगांसह उतरतात. तेथे आजार लपविणार तरी कोणापासून? चौकशीच मुळी 'कितवी केमो?' अशी होते. उत्तरही रुग्ण स्वतःच देतो.