सवलत मिळाली, शिकवणे राहिले

बुद्धिमत्ता सर्वसाधारण असूनही, आणि दृष्टी, श्रवण वा शाळेतील उपस्थिती यांत काही उणे नसतानाही, मूल वाचन, लेखन किंवा गणित यांत सातत्याने मागे राहते, तेव्हा त्या स्थितीस विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातील अडचण ती डिस्लेक्सिया, लेखनातील डिसग्राफिया आणि गणितातील डिस्कॅल्क्युलिया. प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी १८९६ साली अशा एका हुशार मुलाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती, तरी आपल्या शाळांत ही मुले पुढेही कित्येक दशके ‘ढ’ आणि ‘आळशी’ याच दोन सदरांत जमा होत राहिली. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ पासूनची. परंतु १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने मान्य केलेल्या सात प्रकारांतही अध्ययन अक्षमतेला स्थान नव्हते.

या बाबतीत महाराष्ट्र कायद्याच्या पुढे होता, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. राज्य सरकारने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती औपचारिकरीत्या देऊ केल्या. त्यांमुळे अनेकांची दहावी सुटली. मात्र सुधारणेचा आरंभ वर्गाऐवजी परीक्षा केंद्रावर झाला आणि मुलाची ओळख पटवण्याचे काम शिक्षकाकडून रुग्णालयाकडे गेले. प्रमाणपत्रासाठी पालकांची धावपळ बहुधा नववी-दहावीत सुरू होते, आणि तोवर वाचन सुधारण्याचा सर्वांत अनुकूल काळ उलटून गेलेला असतो.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले, त्यांत अध्ययन अक्षमता आली, आणि ती लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करणे हे शाळांचे कर्तव्य ठरले. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनीच प्राथमिक चाचपणी करावी असे सांगितले. ज्यांना एका वर्गात दोन इयत्ता सांभाळून शासनाच्या माहितीचे तक्ते भरायचे असतात, त्या शिक्षकांना ही चाचपणी कोणी आणि कधी शिकवायची, हा प्रश्न मात्र मोकळाच राहिला.

मराठी माध्यमातील मुलाची अडचण आणखी वेगळी आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा बराच नियमित असल्याने असे मूल चुकीचे वाचण्यापेक्षा संथ, अडखळत वाचते, जोडाक्षरांपाशी थबकते आणि ऱ्हस्व-दीर्घात गोंधळते. इंग्रजीसाठी बेतलेल्या कसोटीतून ते सहज निसटते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीसह काही भारतीय भाषांसाठी ‘डाली’ ही चाचणी तयार केली आहे, परंतु चाचणी तयार होणे आणि ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पोहोचणे यांत मोठे अंतर आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले. अनेक शाळांत फिरणाऱ्या शिक्षकाकडून ते साधणार नाही, कारण अशा मुलाला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड आठवड्यातून अनेकदा, थोडी थोडी आणि तीच व्यक्ती शिकवत असेल तरच घालता येते. शासनाने परीक्षेतील सवलती कायम ठेवाव्यात. परंतु तिसरीतील चाचपणी आणि तिच्यामागोमाग मिळणारा विशेष शिक्षक यांची तरतूद अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली करावी, आणि ती किती खर्च झाली हे दरवर्षी विधिमंडळात सांगावे.