दगडाला पाझर फुटतो

मराठी विभागाची सहल कुठे जावी याचा एक अलिखित संकेत आहे: एखाद्या संताचे गाव, एखाद्या कवीचे घर, फार झाले तर लेणी. सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतील 'गारगोटी' या खनिज संग्रहालयाचे नाव आम्ही सुचवले, तेव्हा 'ते विज्ञानवाल्यांचे' असे उत्तर मिळाले. आमचा आक्षेप या उत्तरावरच आहे.

वर्गात आपण काय शिकवतो? पाषाण म्हणजे जड, मुका, निर्जीव. आणि 'दगडाला पाझर फुटणे' म्हणजे अघटिताची परिसीमा. त्या संग्रहालयात दख्खनच्या बेसाल्टमधले झिओलाइटचे स्फटिक मांडले आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांत झिरपलेल्या उष्ण पाण्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट असे स्फटिक वाढत गेले. त्यांच्या घडणीतच पाणी असते. तापवले की ते बाहेर पडते. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने 'उकळणारा दगड' या अर्थाचे ग्रीक नाव दिले ते यामुळेच. ज्या काळ्या कातळावर आपले गड आणि आपली महाविद्यालये उभी आहेत, त्याच्या पोटात अक्षरशः पाझर आहे. आपण मात्र वाक्प्रचाराचा अर्थ फळ्यावर लिहून मोकळे!

देवघरातला शाळिग्राम घ्या. गंडकीच्या पात्रातून आलेला तो गोटा म्हणजे अमोनाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म. आज हिमालय आहे तिथल्या लुप्त समुद्राचा रहिवासी. पूजा करणाऱ्याला हे ठाऊक असण्याची गरज नाही. शाळिग्रामाच्या 'प्रतीकव्यवस्थे'वर वीस पानी निबंध वाचणाऱ्याला मात्र आहे.

भाषेबाबत तरी आपण काटेकोर आहोत काय? आकाशात चमकून विझते ती उल्का; जमिनीवर पोहोचणाऱ्या दगडाला अशनी म्हणतात. वज्राचा हा जुना संस्कृत शब्द विज्ञानाच्या परिभाषेने जपून कामाला लावला. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशनीच्या आघाताने झाले, असे ती नेमके सांगते. समीक्षेत मात्र अल्पायुषी कवीही उल्का आणि काळावर विवर पाडून गेलेलाही उल्काच.

कवितेला खनिजशास्त्र लागत नाही, असे कोणी म्हणेल. कवीला लागत नसेलही. आम्ही बोलतो आहोत ते, दहावीनंतर विज्ञानाचे पानही न उलटणाऱ्या विद्यार्थ्यांना निसर्गप्रतिमांवर दहा गुणांचा प्रश्न घालणाऱ्या आपल्यांबद्दल. पुढच्या सत्रात त्या प्रश्नाआधी एक बस सिन्नरला न्यावी. खर्च आम्ही काढून पाहिला आहे. लेण्यांच्या सहलीहून जास्त येत नाही.